दारही सरळ, मीही सरळ

माझी मोठी नणंद डॉक्टर आहे हे मला लग्नाआधीच कळलं होतं. कसली डॉक्टर, हे कळायला मात्र पुढे बरीच वर्षं गेली. त्यात माझा एकटीचा दोष नाही. सासूबाईंनाही ते कधी धड सांगता आलं नाही. कोणी विचारलं की त्या म्हणायच्या, "एवढी शिकली, आणि आता मोठ्या माणसांना उभं राहायला शिकवते." यावर विचारणारा बहुधा विषय बदलायचा.

घरात ताईंना सगळे 'काबरं' म्हणतात. ते नाव त्यांनीच कमावलेलं. लहानपणी कशावरही त्यांचं "का बरं?" ठरलेलं. पायाला मुंग्या येतात तेव्हा आत नेमकं काय चाललेलं असतं, स्वतःच्या हाताने स्वतःला गुदगुल्या का होत नाहीत, गोल गोल फिरून थांबलं तरी घर का फिरत राहतं. उत्तरं संपली की माझे सासरे म्हणे वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचे. मोठेपणी खोड मोडेल असं घरच्यांना वाटलं होतं. ती मोडली तर नाहीच, उलट पोटापाण्याला लागली.

एकदा त्यांना एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलगा खोलीत चालत आला तेव्हा त्याचा उजवा हात चालीबरोबर हलत होता, डावा नव्हता. ताईंनी विचारलं, डावा खांदा कधी दुखावला होता का? मग पहिल्यापासून शेवटपर्यंत खांद्यावरच बोलणं झालं. "मुलगी बघायला आला आणि तपासून घेऊन गेला," असं माझा नवरा अजून सांगतो. खांदा पुढे बरा झाला, स्थळ काही परत आलं नाही. ताईंनी त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. त्या आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहतात आणि जेवायला खाली असतात, त्यामुळे त्यांचं निम्मं संशोधन मी वाढता वाढता ऐकलेलं आहे.

शिकत असताना ताईंना मेंदूची डॉक्टर व्हायचं होतं. त्यांचे एक प्राध्यापक होते, त्यांना सगळे मोठे सर म्हणत. हातात छोटी हातोडी, खिशात टाचणी. गुडघ्यावर एक टिचकी, तळव्यावर एक रेघ, दोन प्रश्न, आणि सर सांगायचे की गाठ मेंदूत अमुक ठिकाणी आहे. मागाहून फोटो यायचा आणि गाठ तिथेच असायची. मुलं भारावून जायची. ताईही भारावल्या होत्या. पण एका सकाळी सरांनी असंच एका अर्धांगवायूच्या रुग्णाचं निदान केलं, आणि सगळे पुढच्या खाटेकडे वळत असताना त्या माणसाच्या बायकोने विचारलं की आता यांना आपल्या हाताने चहा कधी पिता येईल. सर म्हणाले, व्यायाम सुरू करू. वाईट बोलले नाहीत, घाईतही नव्हते. त्यांच्याकडे त्याहून जास्त उत्तरच नव्हतं. दुपारी त्या माणसाची ढकलगाडी खाली निघाली तेव्हा ताई मागोमाग गेल्या.

व्यायामाचा विभाग तळघरात होता, धुलाईखान्याच्या शेजारी. भिंतीपलीकडे कपडे धुणारी यंत्रं घरघरत असायची आणि हवेला सदा गरम साबणाचा वास. तिथल्या फिजिओथेरपिस्टना अख्खं हॉस्पिटल 'खालच्या बाई' म्हणायचं. दणकट बांध्याच्या, कमी बोलणाऱ्या. वरचा डॉक्टर खाली आलेला त्यांनी फारसा पाहिलेला नव्हता. काय हवंय म्हणून त्यांनी विचारलं. ताई म्हणाल्या, बघायचंय. बाईंनी एका कोपऱ्यातलं स्टूल दाखवलं. त्या स्टुलावर ताई त्या दिवशी बसल्या आणि एका अर्थाने पुन्हा वर गेल्याच नाहीत. ज्यांचं निदान वर झालं होतं, ती सगळी माणसं पुढे इथे होती. कोणाला चमचा धरायचा होता, कोणाला कूस बदलायची होती. कोण सुधारेल आणि कोण नाही, हे कोणालाच आधी सांगता येत नव्हतं. वर उत्तरं होती, खाली नुसते प्रश्न. ताईंसारख्या बाईला आणखी काय हवं!

त्यांनी मेंदूऐवजी पुनर्वसनाचा, म्हणजे आजारानंतर माणसाला पुन्हा उभं करण्याचा विषय घेतला, तेव्हा सोबतचे म्हणाले, हुशार मुलगी फुकट गेली. मोठ्या सरांनाही वाईट वाटलं असावं.

त्यानंतर काही वर्षांनी हेडबाई आल्या.

हेडबाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. उभ्या आयुष्यात त्यांनी मुलींना दोन गोष्टी सांगितल्या होत्या, खरं बोला आणि सरळ बसा. मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला आणि डावं अंग लुळं पडलं. बोलणं मात्र शाबूत, आणि ते ऐकून वॉर्डातले कर्मचारी अजून दचकायचे. अडचण वेगळीच होती. त्यांना खाटेच्या कडेला बसवलं की त्या चांगल्या, उजव्या हाताने गादीला रेटा देऊन स्वतःला डावीकडे ढकलायच्या, म्हणजे जिकडे आधार नाही तिकडेच. मधे आणायला गेलं तर दुप्पट जोर लावायच्या आणि ओरडायच्या. दोन माणसांना आवरायच्या नाहीत. कागदावर कोणीतरी लिहून ठेवलं होतं, 'रुग्ण हट्टी. सहकार्य करत नाही.'

असे रुग्ण ताईंनी आधीही पाहिले होते. अशा वागण्याचं पुस्तकात वर्णनही होतं. पण खालच्या बाईंनी त्या दिवशी सहज म्हटलं की पडायची भीती असलेला माणूस पडायच्या बाजूला कशाला रेटेल? तेवढं ताईंना पुरलं. त्यांनी सगळ्यांना हात काढायला सांगितले, हेडबाईंच्या डाव्या अंगाला स्वतः टेकून बसल्या आणि विचारलं, "बाई, तुम्हाला आत्ता काय वाटतंय?"

हेडबाई म्हणाल्या की इतक्या दिवसांत हे विचारणारी तूच पहिली. मग म्हणाल्या, मी छान सरळ बसलेली असते, आणि ही माणसं येऊन मला उजवीकडे पाडतात.

"समोरचं दार कसं दिसतंय?"

"सरळ. दार कसं असणार?"

ताईंनी चाकांचा आरसा ओढून समोर आणला. आरशात हेडबाई डावीकडे झुकलेल्या, आणि त्यांच्या पाठीमागच्या दाराची उभी चौकट. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग वर्गात एखाद्या मुलीची चोरी पकडल्यासारख्या आवाजात म्हणाल्या, "दार सरळ आहे, हे मला दिसतंय. मी सरळ आहे, हे मला आतून कळतंय. दोघांपैकी कोणीतरी खोटं बोलतंय, मुली."

ताई त्या दिवशी जेवायला बसल्या आणि ताट पुढ्यात तसंच ठेवून आम्हाला हे सांगत राहिल्या. आपण सरळ आहोत हे आपल्याला कळतं कशावरून? डोळे मिटले तरी कळतं, म्हणजे नुसत्या डोळ्यांवरून नाही. कानाच्या आत एक तोल सांभाळणारी रचना असते, सांधे असतात, पायाचे तळवे, पोटातलं वजन, सगळे आपापली बातमी वर धाडतात आणि मेंदू त्यातून एक उभी रेघ काढतो. हेडबाईंची डोळ्यांची रेघ जागेवर होती आणि अंगाची रेघ कलली होती. त्या हट्टी नव्हत्या. त्या अगदी प्रामाणिकपणे सरळ बसत होत्या, फक्त त्यांचं 'सरळ' आपलं नव्हतं.

पुढच्या दिवसापासून हेडबाईंना कोणी ढकललं नाही. दाराची चौकट बघा, तिच्याशी स्वतःला जुळवा, आणि अंग काहीही सांगो, डोळ्यांची साक्ष खरी माना, एवढंच त्यांना शिकवायचं. त्यांना ते फार कठीण गेलं. सरळ झाल्या की उजवा हात आपोआप गादीकडे जायचा. "मला आत्ता पडल्यासारखं वाटतंय, म्हणजे मी सरळ असणार," असं स्वतःलाच मोठ्याने बजावत त्या बसायला शिकल्या, मग उभ्या राहायला.

ताईंचं एवढ्यावर भागलं नाही. त्यांनी वाचायला घेतलं तर दूरदूरच्या संशोधकांनी अशा माणसांची रेघ मोजलेली होती, आणि त्यांचं आपसात जमत नव्हतं. कोणी म्हणत होतं ती लुळ्या बाजूला कलते, कोणी म्हणत होतं बरोबर उलट. ताईंचे डोळे चमकले. दोन शहाणी माणसं उलट बोलतात तिथे काहीतरी सापडतं, असं त्या म्हणतात. त्यांना स्वतः मोजायचं होतं, आणि पुढे जाऊन त्या मोजण्याचंच औषध करायचं होतं. माणसाला डोळे मिटून कलत्या खुर्चीत बसवायचं, त्याची रेघ कुठे आहे ते बघायचं, डोळे उघडून चूक दाखवायची, पुन्हा मिटायचे. असं करत करत रेघ लवकर जागेवर येईल, असा त्यांचा अंदाज होता. अंदाज इतका सुरेख होता की ऐकणाऱ्याला तो खराच वाटायचा.

आता खुर्ची हवी होती. माझ्या नवऱ्याचं दुरुस्तीचं वर्कशॉप आहे, त्याचं ऑफिस मी सांभाळते. दवाखान्यांच्या खाटा, दाताच्या डॉक्टरांच्या खुर्च्या, सलूनच्या खुर्च्या आमच्याकडे येतात. ताईंनी भावाला सांगितलं की डावी-उजवीकडे कलेल, पण झटका न देता, आवाज न करता, आणि बसणाऱ्याला किती कलली ते कळता कामा नये, अशी खुर्ची कर. तो म्हणाला, "तुला खुर्ची नकोय, भूत हवंय." पण दुसऱ्याच दिवशी त्याने अडगळीतली एक जुनी सलूनची खुर्ची बाहेर काढली. तिचं बूड काढून खाली अर्धगोल लोखंडी चाप बसवला, त्याला दात पाडले, हाताने फिरवायचा दांडा लावला. मागे अंश दाखवणारा काटा. पहिल्या खेपेला ती करकरली. दुसऱ्या खेपेला ती इतकी गुळगुळीत झाली की कलून कलून माझ्या नवऱ्यासकट जमिनीवर गेली.

मग घरातल्या सगळ्यांवर प्रयोग. डोळ्यांना पट्टी, मानेला आधार, अंगाला पट्टे. ताई सावकाश दांडा फिरवायच्या आणि आपण सरळ झालो असं वाटलं की "थांब" म्हणायचं. मी अगदी आत्मविश्वासाने थांब म्हटलं तर काटा जवळजवळ मधोमध. नवऱ्याचाही तसाच. सासूबाई बसल्या, त्यांचाही तसाच, पण त्यांना उतरायचंच नव्हतं. झोपाळ्यापेक्षा बरं आहे म्हणाल्या. आमचं सगळ्यांचं 'सरळ' एकच आहे, याचं मला उगाचच त्या दिवशी फार नवल वाटलं. आमच्या घरात दुसरं काही एकमताने होत नाही.

रुग्णांवर वापरायचं तर हॉस्पिटलच्या समितीची परवानगी लागते. समितीने पहिल्यांदा नाकारली. खुर्ची मधेच थांबवायची सोय बसणाऱ्याच्या हातात हवी, असं त्यांचं म्हणणं. नवरा कुरकुरला, ताई मात्र म्हणाल्या की ते बरोबर आहेत, हे आपल्याला सुचायला हवं होतं. चांगल्या हातापाशी एक लाल मूठ बसवली. दाबली की खुर्ची जागच्या जागी थांबणार. परवानगी मिळाली तेव्हा हेडबाई घरी जाऊन काठीने चालू लागल्या होत्या. त्यांना बातमी कळली आणि त्या स्वतःहून आल्या. पहिली मीच बसणार, असं त्यांनी जाहीर केलं. पट्टी बांधली, दांडा फिरला, आणि काटा डावीकडे चांगलाच कललेला असताना त्या म्हणाल्या, थांबा, आता सरळ. पट्टी सोडल्यावर त्यांनी काटा बघितला. "म्हणजे अजून आहे तर," म्हणाल्या. नाराज नव्हत्या. आत काय चाललंय ते बाहेर दिसल्याचं त्यांना समाधान वाटलं असावं.

अभ्यास काही वर्षं चालला. रुग्णांचे दोन गट, कोण कुठल्या गटात ते चिठ्ठी टाकून. एका गटाला खुर्ची, दुसऱ्याला नुसता आरसा, दाराची चौकट आणि खालच्या बाई. कोण लवकर आणि नीट उभं राहतं ते तपासणाऱ्याला कोण कुठल्या गटातला हे ठाऊक नसायचं. खुर्चीच्या गटातली माणसं झपाट्याने सुधारताना ताईंना रोज दिसत होती. त्या खुशीत असायच्या. भाऊ तर दुसऱ्या खुर्चीचं लोखंड आणून बसला होता.

शेवटी सगळी उत्तरं एकत्र मांडली, आणि दोन्ही गट सारखेच निघाले. ज्यांना खुर्ची मिळाली नव्हती तेही तितकेच सुधारले होते.

त्या दिवशी ताई जेवायला खाली आल्या नाहीत. मी ताट वर घेऊन गेले. त्या खिडकीशी बसल्या होत्या. मी ताट ठेवलं, तशा त्याच म्हणाल्या की मी दुसऱ्या गटाकडे बघतच नव्हते गं, माझं लक्ष सगळं खुर्चीकडे.

मोठे सर तोवर हॉस्पिटलचे प्रमुख झाले होते. त्यांनी ताईंना बोलावून घेतलं. संस्थेचं नाव व्हावं अशी त्यांची इच्छा होती, आणि त्यात गैर काही नव्हतं. त्यांनी आकडे चाळले आणि सुचवलं की फार वयस्कर रुग्ण बाजूला काढून बघ. उरलेल्यांत खुर्ची किंचित पुढे दिसते. तेवढंच छापू.

ताई म्हणाल्या, "सर, प्रश्न मी आधी विचारला होता. उत्तर आवडलं नाही म्हणून आता प्रश्न बदलायचा नाही."

सरांनी पसरलेले कागद पुन्हा एकत्र केले. मग म्हणाले, "तळघरात जाऊन तू वाया गेलीस असं मला वाटायचं." पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. आकड्यांचे कागद मात्र होते तसे परत दिले.

सगळ्यात जास्त लागलं ते माझ्या नवऱ्याला. तो कित्येक दिवस वर्कशॉपमध्ये खुर्चीचा विषय काढू देत नव्हता. एका रविवारी चहा पिताना म्हणाला, "माझी खुर्ची नापास झाली."

"खुर्ची पास झाली," ताई म्हणाल्या. "नापास मी झाले. तू जर कच्ची खुर्ची केली असतीस ना, तर मला आयुष्यभर वाटत राहिलं असतं की खुर्चीत खोट होती, अंदाज खरा होता. तू मला सबबच ठेवली नाहीस."

संध्याकाळी त्याने ते आणून ठेवलेलं लोखंड दुसऱ्या कामाला काढलं.

ताईंनी परिषदेत हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांच्यासोबत मी गेले होते, कारण नवऱ्याला आपली खुर्ची पडद्यावर बघवणार नव्हती. फसलेला प्रयोग ऐकायला गर्दी कशाला होईल? मागच्या रांगा रिकाम्या, पुढच्यात दोघं-तिघं चहाची वाट बघत बसलेले. बोलणं संपल्यावर टाळ्याही जेमतेम. चहाच्या वेळी मात्र एक लांबून आलेले डॉक्टर ताईंना शोधत आले. त्यांची मंडळी हुबेहूब असंच यंत्र बांधायला घेणार होती. "तुम्ही आमची वर्षं वाचवलीत," ते म्हणाले, आणि मग दोघं त्या उभ्या रेघेवर असे बोलत बसले की त्यांचा चहा माझ्याच हातात गार झाला. ते डॉक्टर आजही ताईंचे संशोधनातले जोडीदार आहेत. आता त्यांनी मिळून दुसरा प्रश्न धरलाय, की काही माणसांची रेघ आपोआप जागेवर येते आणि काहींची येत नाही, ते कशावरून ठरतं. उत्तर अजून आलेलं नाही. ताईंना घाईही दिसत नाही.

वॉर्डात मात्र एक फरक राहिला. औषध म्हणून नापास झालेली खुर्ची मोजायला उत्तम होती, तेव्हा कोणी असा रेटणारा रुग्ण आला की आधी त्याला त्यात बसवतात, काटा कुठे आहे ते घरच्या माणसांना दाखवतात, आणि मगच व्यायाम सुरू होतो. 'माझा नवरा मुद्दाम करतो' असं म्हणत आलेल्या बायकांचा आवाज तो काटा बघून खाली येतो. एक तर तिथेच रडली म्हणे. तिने आदल्या रात्री त्याला फार बोलून घेतलं होतं. कागदावर 'हट्टी' हा शब्द लिहायला बंदी आहे. खालच्या बाई निवृत्त झाल्या, पण जाता जाता त्यांनी विभाग तळघरातून वर, खिडक्यांच्या खोलीत नेऊन घेतला. उजेडात दारं नीट दिसतात, हे कारण त्यांनी अर्जात दिलं होतं.

ताईही आता निवृत्तीला आल्यात. सांधे दुखतात, जिन्यात थांबत थांबत वर जातात. मला वाटलं होतं आता तरी जेवताना जेवतील. पण गेल्या महिन्यात त्यांच्याकडे एक बसड्रायव्हर आला. उजवा हात पूर्ण लुळा, बोटसुद्धा हलत नाही. आणि एका दुपारी त्याला जांभई आली, तशी तो हात आपोआप मांडीवरून उठून छातीपर्यंत आला. जांभई संपली, हात खाली. त्याच्या बायकोने सगळ्या नातेवाइकांना फोन लावले. ताईंना तिला सांगावं लागलं की असं काही जणांना होतं, पुस्तकांत त्याची नोंद आहे, पण म्हणून हात परत येईलच असं नाही, आणि येणार नाही असंही नाही. मग तिने विचारलं, "मग डॉक्टर, हात उचलतं तरी कोण?"

ताईंना ती बाई भलतीच आवडली. हे सगळं त्यांनी आम्हाला जेवताना हात उंचावून, जांभई देऊन करून दाखवलं, आणि दहा मिनिटांत आमच्या घरातलं एकूण एक माणूस जांभया देत होतं. नवरा म्हणाला, आता झोपू दे की.

परवा मी त्यांचा विसरलेला चष्मा द्यायला हॉस्पिटलमध्ये गेले. खिडकीपाशी ड्रायव्हर आपल्या चाकांच्या खुर्चीत बसला होता, चांगला टक्क जागा, हात मांडीवर. त्याच्या समोर एका बाजूला त्याची बायको आणि दुसऱ्या बाजूला आमच्या ताई. दोघी त्याच्याकडे बघून आळीपाळीने मोठ्या मोठ्या जांभया देत होत्या, आणि तो बिचारा हसू दाबायचा आटोकाट प्रयत्न करत होता.